इंग्रजीची मिरासदारी आणि कोयत्याची मुले

(खेड्यांतील मुलांना विनामोबदला इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ.)



आपल्यापुढे बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, जे काम आपण आता हाती घेणार आहात ते मी गेली चार वर्षे करीत आहे आणि त्यात पुष्कळ चुकलो आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. एकतीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. निवृत्त झाल्यावर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतील एका गावी खोली घेतली आणि तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना, शाळा भरण्यापूर्वी एक तास, इंग्रजी शिकवू लागलो. गावातील बहुसंख्य कुटुंबे ऊसतोडणीवर जगतात. काही मुले तांड्यावरून येतात. त्यांची घरची भाषा गोरमाटी, शाळेची मराठी आणि वर ही तिसरी इंग्रजी.

पहिल्याच पालकसभेत मी एक भाषण ठोकले. मायबोलीतून शिक्षण, विचारशक्तीचा विकास, परभाषेचे दडपण असे सगळे मुद्दे त्यात होते. त्यातला एकही मुद्दा चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. भाषण संपल्यावर मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "सर, मुकादमाचं पोरगं गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातं. तुमची लेकरं कुठं शिकली?"

माझी दोन्ही मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकली. ते मी सभेत सांगितले. कुणी हसले नाही, कुणी रागावलेही नाही. त्यांना ते ठाऊकच होते. परंतु विद्यार्थिदशेत इंग्रजीविरोधी घोषणा दिलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या रात्री आपल्या विचारांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. तो हिशेब आपल्यापुढे ठेवणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

इंग्रजीच्या प्रश्नावर आपल्या परंपरेत दोन विचार आहेत आणि वरवर पाहता ते परस्परविरोधी वाटतात. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारच्या शिक्षणखर्चाचा ताळेबंदच मांडला : महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. याउलट डॉ. राममनोहर लोहिया यांनी 'अंग्रेजी हटाओ'चा आग्रह धरला. जनतेला न समजणाऱ्या भाषेत राज्य चालत असेल, तर त्या राज्याला लोकशाही म्हणता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात विरोध दिसत नाही. एखाद्या वस्तूची मक्तेदारी मोडण्याचे दोन मार्ग असतात. त्या वस्तूवाचून अडणार नाही अशी व्यवस्था करणे हा एक आणि ती वस्तू सर्वांना उपलब्ध करून देणे हा दुसरा. न्यायालय, बँक, दवाखाना, सरकारी कचेरी यांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हा पहिला मार्ग, तो लोहियांचा. इंग्रजी अखेरच्या मुलापर्यंत पोचवावी, हा दुसरा, तो फुल्यांचा. बाजारात इंग्रजीला जे मोल येते त्याचा मोठा भाग तिच्या दुर्मिळतेतून येतो. ती सर्वांना आली की तिची मिरासदारी संपेल आणि ती नुसती एक उपयुक्त भाषा उरेल. आपण दोन्ही मार्गांनी चालायला हवे होते. प्रत्यक्षात आपल्यापैकी अनेकांनी व्यासपीठावर पहिल्या मार्गाचा जयघोष केला आणि घरी आपल्याच मुलांपुरता दुसरा मार्ग धरला. त्या बाईने मला विचारले ते हेच.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे, म्हणजे सहावीतील मुलाची इंग्रजीशी सहाव्या वर्षाची ओळख असते. परंतु २०२२ च्या 'असर' पाहणीनुसार, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील केवळ २४.५ टक्के आणि आठवीतील ४६.७ टक्के मुलांनाच इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. २०१६ साली हेच आकडे २४.७ आणि ४५.३ होते. सहा वर्षांत गाडी जवळपास जागच्या जागीच राहिली.

माझ्या पहिल्या वर्षाची कमाई याहून वेगळी नव्हती. मुलांनी बडबडगीते पाठ केली, 'माय नेम इज' पासून पाच वाक्ये खणखणीत म्हटली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये मी एक साधी परीक्षा घेतली. मराठी पाठ्यपुस्तकातील एक उतारा दिला आणि तो वाचून त्यात काय आहे ते सांगा, असे म्हटले. सहावीतल्या निम्म्या मुलांना तो अडखळल्यावाचून वाचता आला नाही. माझे डोळे उघडले. ज्या मुलाला आपल्या भाषेतील छापील ओळीतून अर्थ काढता येत नाही, त्याच्या डोक्यावर मी परभाषेची पाटी ठेवली होती.

दुसऱ्या वर्षापासून तासाचे दोन भाग केले. पहिली वीस मिनिटे मराठी वाचन, उरलेली चाळीस मिनिटे इंग्रजी. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलण्यास बंदी नाही. उलट मराठी हेच शिकवण्याचे साधन. 'मी भाकरी खाते' या वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये शिरते. हा फरक फळ्यावर मांडला की मुले स्वतःच वाक्ये उलटीपालटी करून पाहतात. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते प्रामाणिक असते. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांत मधले अक्षर एकच असून उच्चार दोन होतात, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्ही ढ नाही, तीच भाषा अशी आहे." एवढे आश्वासन मिळाले तरी मुलाची अर्धी भीती जाते. तांड्यावरच्या मुलांना मी प्रत्येक शब्दासाठी गोरमाटी शब्द विचारू लागलो. तेव्हापासून ती मुले मागच्या भिंतीजवळून पुढे सरकली.

शिकवायचे शब्दही बदलले. एका मुलीच्या आजीला श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मिळते. पैसे आल्याचा बँकेचा संदेश मोबाइलवर इंग्रजीत येई आणि तो वाचून घेण्यासाठी आजी गावातील एकाला दहा रुपये देई. मी वर्गात दोन शब्द शिकविले : 'क्रेडिटेड' म्हणजे जमा, 'डेबिटेड' म्हणजे नावे. एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकविताना या दोन शब्दांचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. पुढच्या महिन्यात त्या मुलीने आजीला संदेश वाचून दाखविला आणि दहा रुपये घरातच राहिले. रक्कम लहान आहे. परंतु मक्तेदारी मोडते म्हणजे काय, ते त्या दहा रुपयांत दिसते. अर्थात तो संदेश मुळात मराठीत यायला हवा, हा आग्रहही आपण सोडता कामा नये. तोवर आजीने दहा रुपये मोजत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

एवढे झाल्यावर आपली पद्धत बसली, असे मला वाटू लागले आणि तेवढ्यात दिवाळी आली. सप्टेंबरात माझ्या वर्गात ३४ मुले होती. नोव्हेंबरच्या मध्यावर १५ उरली. बाकीची आईबापांबरोबर कारखान्यांकडे गेली होती, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात.

यामागचे अर्थकारण आपण समजून घ्या, कारण हा प्रश्न व्याकरणाचा नाही. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. कोरडवाहू जमिनीचे पीक हाती यायचे असते. आजारपण, लग्न, बी-बियाणे डोक्यावर असते. त्या वेळी मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर असते. हंगाम सुरू झाला की ती श्रमाने फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. उचल घेतली की बाईला मागे राहता येत नाही, आणि आई गेली की मुले जातात. थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. म्हणजे मुलीची शाळा कधी सुटणार, हे आषाढात मुकादमाच्या वहीत ठरलेले असते. माझ्या फळ्यावर काय लिहिले आहे याचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो.

यावर एक उपाय सरकारी कागदावर आहे. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, त्याच्या जेवणाची सोय होते आणि शाळा चालू राहते. परंतु ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोगाची. कुटुंबे निघून गेल्यावर आलेली मंजुरी कुणाच्या कामाची? तिसऱ्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापकांनी, व्यवस्थापन समितीने आणि मी मिळून ऑगस्टपासूनच घरोघर फिरून जाणाऱ्या मुलांची यादी केली, कोणते मूल कुणाकडे राहील ते लिहून घेतले, प्रस्ताव पाठविला आणि मंजुरी हाती पडेपर्यंत तालुक्याला खेपा घातल्या. त्या वर्षी नोव्हेंबरात वर्गात २६ मुले राहिली. माझ्या चार वर्षांच्या कामात इंग्रजी सुधारण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणता, असे कुणी विचारले तर मी या यादीकडे बोट दाखवीन. त्यात इंग्रजीचा एकही शब्द नव्हता.

तरीही काही मुले गेलीच. त्यांत सातवीतील एक हुशार मुलगी होती. घरी म्हातारे कुणी नव्हते आणि भाऊ दोन वर्षांचा. जाताना मी तिला एक कोरी वही दिली आणि जेथे इंग्रजी अक्षर दिसेल ते उतरवून घे, असे सांगितले. एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा वही भरलेली होती. युरियाच्या गोणीवरचे शब्द होते, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचे 'हॉर्न ओके प्लीज' होते. प्रत्येकापुढे तिने मराठीत अर्थ लिहिण्याचा प्रयत्न केला होता आणि जेथे जमले नाही तेथे प्रश्नचिन्ह काढले होते. प्रश्नचिन्हे पुष्कळ होती. पाच महिन्यांत त्यांचे उत्तर देणारे तिच्याजवळ कुणी नव्हते. ती वही मी जपून ठेवली आहे. जिद्दीचे उदाहरण म्हणून ती दाखवावी असे मात्र मला वाटत नाही. मुलीची जिद्द वाखाणून तिच्या वर्गातील रिकाम्या जागेची भरपाई होत नसते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य केला आहे. तो कारखान्याच्या हंगामात निलंबित होतो, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

म्हणून आपणांस चार गोष्टी सांगून थांबतो.

पहिली, इंग्रजी विषय आणि इंग्रजी माध्यम यांत गल्लत करू नका. शिक्षण शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून व्हावे, असे २००९ चा तोच कायदा सांगतो. आपण मराठी शाळेत चांगली इंग्रजी शिकवू शकलो, तर पोटाला चिमटा काढून मुलांना महागड्या शाळेत घालणाऱ्या आईबापांना एक खरा पर्याय मिळेल.

दुसरी, शिक्षकाची जागा आपण बळकावू नका. आपण फुकट शिकवतो म्हणून रिक्त पद भरायचे राहिले, तर आपली सेवा त्या मुलांच्या तोट्याची ठरेल. शिक्षकांच्या मदतीला जा, आणि पद रिक्त असेल तर ते भरण्याची मागणी पालकांबरोबर तुम्हीही करा.

तिसरी, पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. ज्या मुलांच्या आयुष्यात माणसे दरवर्षी निघून जातात, त्यांच्यात आणखी एका निघून जाणाऱ्याची भर घालू नका. निदान एक पूर्ण शालेय वर्ष द्या, म्हणजे जूनही पाहाल आणि नोव्हेंबरही.

आणि चौथी, हजेरीपट बारकाईने वाचा. वर्गात नसलेल्या मुलाचे नाव घेऊन त्याच्या घरी जा आणि ते का आले नाही ते विचारा. उत्तर बहुधा कर्जाचे, मजुरीचे किंवा आजारपणाचे असेल. ते उत्तर गावसभेत आणि तहसील कचेरीत पोचविणे, हाही आपल्या इंग्रजीच्या तासाचाच भाग समजा.

त्या बाईची मुलगी यंदा आठवीत गेली. गावात आठवीचा वर्ग नाही. ती रोज पाच किलोमीटर चालत शेजारच्या गावी जाते, आणि या दिवाळीला तिच्या आईने उचल घ्यायची की नाही, हे अजून ठरलेले नाही.