शरीराचा जमाखर्च

(मध्यमवयीन स्त्री-पुरुषांसाठी आयोजित केलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



'वजन कमी करा' हा उपदेश आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. डॉक्टर तो करतात, नातेवाईकही करतात. परंतु किती कमी खावे, किती दिवस आणि कोणत्या हिशेबाने, हे सहसा कोणी सांगत नाही. मग उत्साहाच्या भरात रात्रीचे जेवण बंद होते, आठवडाभर केवळ काकडी आणि ताक चालते आणि महिन्याभरात सारे पूर्वपदावर येते. आज तो हिशेबच मांडावा, असे मी योजले आहे.

विषय केवळ दिसण्याचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपली शरीरप्रकृतीही थोडी निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, शरीरभार निर्देशांक २२.३; पण ब्रिटिश गृहस्थांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात सुमारे २१ टक्के! म्हणूनच आपल्याकडे २३च्या पुढचा निर्देशांक वाढीव आणि २५च्या पुढचा स्थूलतेचा मानतात. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा.

हिशेब कसा मांडावा?

अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. व्यवहारात आपण 'कॅलरी' म्हणतो, ती प्रत्यक्षात किलोकॅलरी होय. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनांतून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेला-तुपातून ९. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम विश्रांतीतल्या खर्चाची. आपण पडून असलो तरी हृदय, मेंदू, यकृत यांचे कार्य अखंड चालूच असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने हा खर्च काढता येतो. किलोमधील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी. पुरुषांनी शेवटी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत.

समजा, एका गृहस्थांचे वय ४५, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८० किलो आहे. ८०० अधिक १०३१, वजा २२५, अधिक ५, म्हणजे सुमारे १६११ उष्मांक. बैठे काम आणि थोडीफार हालचाल धरून याला १.४ ने गुणले, की दिवसाचा खर्च सुमारे २२५० येतो. त्यांच्या पत्नीचे वय ४२, उंची १५२ आणि वजन ६६ किलो. त्यांचा विश्रांतीतला खर्च १२३९ आणि दिवसाचा सुमारे १७३५.

आता तूट. एक किलो चरबीत स्थूलमानाने ७७०० उष्मांक साठलेले असतात. गृहस्थांनी रोज ५०० ची तूट ठेवली, तर त्यांचा आहार १७५० वर येईल आणि कागदावर महिन्याला सुमारे दोन किलो वजन उतरेल. तीच ५०० ची तूट पत्नीने ठेवली, तर आहार १२३५ वर, म्हणजे विश्रांतीतल्या खर्चाच्याही किंचित खाली जाईल. त्यांना ३५० ची तूट पुरेशी आहे. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर दोघांचा हिशेब निराळा असतो तो असा. 'यांचे उतरले, माझे का नाही?' या प्रश्नाने खिन्न होणाऱ्या भगिनींनी हे ध्यानी घ्यावे.

तूट कोठून काढावी?

पाचशे उष्मांकांसाठी उपाशी राहावे लागत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोजचे ३० ग्रॅम झाले. ते २० वर आणले, की ९० उष्मांक वाचले. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेणाऱ्याने एकेक चमच्याचे दोनच कप घेतले, की आणखी १२०. दोन्ही वेळच्या जेवणांत मिळून एक पोळी कमी, सुमारे १३०. सायंकाळचे मूठभर फरसाण बंद, सुमारे १६०. बेरीज करून पाहा, ५०० होतात!

उपवासाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांची एक बशी खिचडी साडेचारशे उष्मांकांच्या घरात सहज जाते. आणखी एक सवय आपल्या माता-भगिनींची. पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून त्या आपल्या पोटात घालतात. अन्नाविषयीचा हा आदर वंदनीयच. तो मोजून शिजवण्यात दिसावा. घरच्या गृहिणीचे शरीर ही उरल्यासुरल्याची जागा नव्हे.

कमी करताना काय वाढवावे, हेही महत्त्वाचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्था दोषास्पद मानल्या आहेत आणि स्थूल माणसाला पचायला जड, पण पोषणाने हलका असा आहार सांगितला आहे. आजच्या व्यवहारात पोट भरेल पण उष्मांक बेताचे राहतील, असे ताट आपल्याला मांडता येते. पालेभाज्या, कोशिंबीर, मोडाची उसळ, घट्ट वरण, ताक आणि चालत असल्यास अंडी, यांचा वाटा वाढवावा. प्रथिने कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवण्यासाठी सूर्यनमस्कार, बैठका, जिने चढणे असा व्यायाम हवाच. नुसत्या चालण्यावर मात्र विसंबू नये. ८० किलोच्या माणसाने चार किलोमीटर चालून जादा खर्च होतो सुमारे १६० ते १८० उष्मांकांचा, म्हणजे तेच मूठभर फरसाण! आणि वरच्या १.४ मध्ये नेहमीची हालचाल धरलेली आहे. ती पुन्हा खर्चात दाखवू नये.

धीर आणि सावधगिरी

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. पुढे गती मंदावते. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही घटतो. ७५ किलोवर त्याच गृहस्थांचा खर्च सुमारे २१८५ उरतो. म्हणून दर पाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडावा. सूत्र हा अंदाज आहे. अंतिम निर्णय वजनकाट्याचा. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी वजन करावे आणि चार आठवड्यांचा कल पाहून ताट बदलावे.

अतिरेकाचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात दिसले. सहा महिने अर्धपोटी राहिलेल्या त्या धडधाकट तरुणांना थकवा, चिडचिड आणि औदासीन्य यांनी ग्रासले. अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. म्हणून वैद्यकीय देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० उष्मांकांच्या खाली जाऊ नये. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी हा हिशेब स्वतःच्या मनाने करूच नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी तीच आणि जेवण कमी, यातून साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

ध्येय माफक ठेवा. ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले, तरी रक्तदाब आणि साखर यांत बहुधा चांगला फरक दिसतो. आपल्या घरांत पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या वह्यांची परंपरा आहे. त्याच वहीचे एक पान दोन आठवडे शरीरासाठी राखा. आज काय खाल्ले ते लिहा, कोणतीही गोष्ट न वगळता. तूट कोठे आणि किती ठेवायची, ते त्या पानावरून आपले आपल्यालाच कळेल.