सायडरची बाटली आणि आपलं नारायणगाव



सफरचंदाच्या दारूवर व्याख्यान आहे म्हटल्यावर माळकरी मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसतील असं वाटलं नव्हतं. बसलात, बरं झालं. पिण्याची भलामण करायला मी आलेलो नाही. दारूनं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच सांगून ठेवलंय. मला बोलायचंय ते फळाबद्दल, आणि फळाच्या पैशाबद्दल.

सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. फळ ठेचायचं, दाबून रस काढायचा, मग यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल नि वायू मागे सोडतं. अल्कोहोल साधारण चार ते आठ टक्के, म्हणजे बिअरच्या आसपास. हेच सायडर उकळून, वाफ धरून केलेली नॉर्मंडीची काल्वादोस मात्र कडक दारू. ती निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरते.

आता गंमत बघा. यीस्टनं सोडलेला वायू बाटलीत कोंडला तर पेय फसफसतं, पण साधी काच फुटते. इंग्लंडात जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून १६१५ साली काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी झाली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली, काच दणकट झाली. त्या बाटल्यांत सायडर भरून, वर थोडी साखर घालून बूच मारायची युक्ती तिथल्या लोकांना साधली. १६६२ साली क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाइनला साखर घालून फसफस आणण्याची रीत वाचून दाखवली. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो फ्रेंच साधू दों पेरिन्यों आपल्या मठात आला १६६८ साली! फ्रेंचांना हे आवडत नाही, पण साल साल असतं.

आणि तीच रीत १९८०च्या दशकात आपल्या नारायणगावात आली. श्यामराव चौगुल्यांच्या इंडेज कंपनीनं फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकचं तांत्रिक साहाय्य घेऊन इथं फसफसती वाइन केली. ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशात विकली गेली. अशा बाटलीत दाब सहा वातावरणांइतका असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. असला दाब सांभाळणारं काम आपल्या गावात होत होतं. पुढे कंपनी कर्जात रुतली आणि न्यायालयाच्या आदेशानं अवसायनात निघाली. फळ चांगलं, हात कसबी, तरी हिशेब चुकला की सगळं जातं.

मग सफरचंदाचं काय? ‘आता जुन्नरात सफरचंद होतंय, सायडरचा कारखाना काढू,’ असं तरुण पोरं मला म्हणतात. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत येणारी जात, तिची रोपं महाराष्ट्रातही लागली. शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण ही जात सायडरसाठी लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर इंग्लंडातल्या हेरफर्डशायरच्या सायडरला लागतं ते तुरट-कडवट सफरचंद, जे तोंडात धरवत नाही. खायच्या गोड फळाचं सायडर पाणचट निघतं. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. खायच्या जम्बो द्राक्षाची वाइन कोण करतो? दुसरं म्हणजे सायडरला फळ स्वस्तात लागतं, आणि आपलं फळ येणार जूनच्या सुमारास, काश्मीरचा माल बाजारात उतरण्याआधी. ज्याला ताजा भाव आहे ते ठेचायचं कशाला?

पुण्याच्या मूनशाइन मीडरीनं दुसरी वाट धरली. मधाच्या मद्यात सफरचंदाचा रस घालून त्यांनी ‘अ‍ॅपल सायडर मीड’ काढलं. तो शहरातल्या तरुणांचा बाजार आहे, आणि तिथं सफरचंद आपल्याच शिवारातलं असावं अशी काही अट नाही. घरी करून बघू म्हणाल तर विनापरवाना मद्य करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. पोलीस पाटील इथंच बसलेत.

तेव्हा पोरांनो, रोपं आणण्याआधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. लावायचं तर आधी पाच-दहा झाडं लावा आणि खायचं फळ म्हणून विका. आणि कुठलाही कारखानदार फळ मागायला बांधावर आला, तर भाव आणि पैसे मिळायची तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय एक क्रेटही हलवू नका.