गुण श्रद्धेला की युक्तिवादाला?

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)





अशा समारंभात वक्ता साधारणपणे गुण कसे मिळवावेत हे सांगतो. मी मात्र गुण कशाला मिळावेत, यावर बोलणार आहे. विद्यार्थ्याने उत्तरात आपली धर्मश्रद्धा लिहिली आणि त्याला गुण नाकारले गेले, तर तो अन्याय समजायचा की योग्य मूल्यमापन? अलीकडे अमेरिकेत या प्रश्नाने मोठे वादळ उठवले. त्या वादातून आपण काय घ्यायचे, हा माझा आजचा विषय आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठातला एक वाद देशभर गाजला. मानसशास्त्राच्या वर्गात किशोरवयीन मुलामुलींवरील लिंगभावाच्या रूढ कल्पनांविषयीचा एक संशोधन लेख वाचायला दिला होता आणि त्यावर प्रतिक्रियेचा छोटा निबंध लिहायचा होता. एका विद्यार्थिनीने बायबलच्या आधारे आपले मत मांडले. ईश्वराने स्त्री आणि पुरुष असे दोनच घडवले, अशी तिची भूमिका होती. तिला २५ पैकी शून्य गुण मिळाले. गुण देणाऱ्या अध्यापन-सहायकांनी कारण लिहून दिले होते : गुण श्रद्धेमुळे कापलेले नाहीत, निबंध विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, विज्ञानाच्या विषयात पुराव्याऐवजी वैयक्तिक धारणेवर उभा आहे आणि काही ठिकाणी इतरांना दुखावणारा आहे. त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या अध्यापकांनीही या गुणांना दुजोरा दिला. विद्यार्थिनीने धार्मिक भेदभावाची तक्रार केली. राजकीय पुढारी आणि संघटना त्यात उतरल्या. विद्यापीठाने तो निबंध अंतिम गुणांत धरला नाही आणि डिसेंबरमध्ये हे मूल्यमापन मनमानी असल्याचा निष्कर्ष काढून त्या सहायकांना अध्यापनाच्या कामातून दूर केले.

मित्रहो, या वादात दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. तराजू हातात घेणारे थोडे होते. आपण तो हातात घेऊ.

पहिले पारडे विद्यार्थिनीचे. श्रद्धा बाळगण्याचा आणि ती बोलून दाखवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. परंतु श्रद्धा बाळगण्याचा अधिकार वेगळा आणि त्या श्रद्धेला मानसशास्त्राच्या पेपरात पुरावा म्हणून गुण मागण्याचा अधिकार वेगळा. आज मानसशास्त्रात बायबलचे वचन पुरावा मानले, तर उद्या समाजशास्त्राच्या पेपरात कोणी मनुस्मृतीचे वचन देऊन चातुर्वर्ण्य सिद्ध करील आणि पूर्ण गुण मागील. ते आपण मान्य करणार आहोत काय?

दुसरे पारडे परीक्षकाचे. निबंधासाठी जाहीर केलेल्या निकषांत दिलेल्या लेखाशी संबंध, विचारपूर्वक प्रतिक्रिया आणि स्पष्ट लेखन या गोष्टी होत्या. प्रतिक्रिया मागितली की विद्यार्थी आपले मत लिहिणारच. अशा निबंधाला कमी गुण देण्याची कारणे असू शकतात. पण शून्याचा अर्थ इथे काहीही नाही, असा होतो. शून्य देणाऱ्याने प्रत्येक निकषासमोर कारण दाखवले पाहिजे. लिहिलेले शब्द मनाला बोचले, हे त्या कारणांमध्ये मिसळले की उरलेल्या खऱ्या कारणांवरचाही विश्वास उडतो. दुसरीकडे, विद्यापीठाबाहेरचा गलबला वाढला असताना एका निबंधाच्या गुणांवरून शिकवणाऱ्या व्यक्तीचे वर्गातील काम थांबते, तेव्हा बाकीच्या अध्यापकांचे पेनही थरथरू लागते. घाबरलेला परीक्षक न्याय करीत नाही, तो फक्त गुण वाटतो.

अमेरिकेच्या न्यायालयांपुढे असा प्रश्न पूर्वीही आला होता. टेनेसी राज्यातील नववीच्या एका मुलीने शोधनिबंधासाठी मंजूर झालेला विषय परवानगीशिवाय बदलून येशूच्या जीवनावर लिहिले. शिक्षिकेने शून्य दिले. प्रकरण संघीय अपील न्यायालयापर्यंत गेले आणि १९९५ साली निकाल शिक्षिकेच्या बाजूने लागला. त्यातील तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिकवण्याच्या हेतूने शिक्षक गुण देत असेल, तर न्यायालयाने त्यात हात घालू नये. मात्र गुणांच्या आडून विद्यार्थ्याला त्याच्या वंशाबद्दल, धर्माबद्दल किंवा राजकीय मताबद्दल शिक्षा केली जात असेल, तर ते संरक्षण उरत नाही. म्हणजे कळीचा प्रश्न हेतूचा आहे आणि हेतू ओळखायचा तर लेखी निकष आणि लेखी कारणे हवीत.

आता आपल्या धम्माकडे वळू. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपण सर्व जण जाणतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश आपण इतरांच्या पोथ्यांना नेहमी लावतो. पण त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. आपल्या आधीच्या मताशी जुळते, एवढ्याच कारणानेही एखादी गोष्ट खरी मानू नये, असे तिथे सांगितले आहे. ही ओळ परीक्षकासाठी आहे. उत्तर माझ्या मताशी जुळले म्हणून दहापैकी नऊ आणि जुळले नाही म्हणून तीन, असे करणारा प्राध्यापक कितीही पुरोगामी असो, तो कालाम सुत्ताच्या कसोटीला उतरत नाही.

ग्रंथ आणि गुरू यांविषयीचा उपदेश आपल्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. अनेक मुले उत्तरात ‘बाबासाहेबांनी असे म्हटले आहे’ एवढे लिहून थांबतात आणि गुण कमी आले की परीक्षकावर रागावतात. मित्रहो, बाबासाहेबांचे नाव घेणे हा आपला अभिमान आहे. परंतु पेपरात नुसते नाव लिहिल्याने मुद्दा सिद्ध होत नाही. बाबासाहेबांनी ते कोणत्या आधारावर म्हटले, कोणते आकडे दिले, कोणाचे मत खोडले, ते लिहा. तसे केले तरच आपण त्यांचे विद्यार्थी शोभतो.

बाबासाहेब स्वतः मूल्यमापनाच्या अशाच प्रसंगातून गेले होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनमध्ये परीक्षकांपुढे गेला, तेव्हा ब्रिटिश चलननीतीवरील त्यांची कडक टीका वादाचा विषय झाली. निष्कर्ष कायम ठेवून मांडणी पुन्हा करावी, असे त्यांना सांगण्यात आले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. त्यांनी मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष सोडले नाहीत, आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. प्रबंध त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाला. त्याची प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी बाबासाहेबांचे बरेचसे मुद्दे आपल्याला पटत नसल्याचे मोकळेपणाने सांगितले आणि तरीही त्यांच्या विचारांच्या ताजेपणाची दाद दिली. न पटणाऱ्या प्रबंधाला कॅनन यांनी मान दिला आणि बाबासाहेबांनी ती असहमती आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापू दिली. परीक्षक आणि विद्यार्थी यांचे नाते कसे असावे, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, सगळे परीक्षक कॅनन नसतात. खरे आहे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो; पण अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा यांत नाव-आडनाव समोर असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. तिच्या २००७ च्या अहवालात प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांतील भेदभावाचा प्रश्न पुढे आला. म्हणून आपल्या मुलाने ‘माझे गुण जातीमुळे कापले’ असे म्हटले, तर त्याला हसून गप्प करू नका आणि लगेच मोर्चाही काढू नका. आधी त्याची उत्तरपत्रिका मागा.

ही उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. आपल्याच महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेतील उत्तरपत्रिका पाहू देण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयात विद्यार्थी जिंकले. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. पुढे माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की तपासलेली आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था आहे. मूल्यमापनातील अन्याय हा तिथे तक्रारीचा विषय होऊ शकतो.

उत्तरपत्रिका हाती आल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रश्नात जे विचारले होते त्याचे उत्तर मी दिले का? माझ्या विधानामागे आधार दिला का? आणि परीक्षकाने गुण कापल्याचे कारण जाहीर निकषांत बसते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तक्रार लेखी करा. त्या वेळी संस्थेने त्या विद्यार्थ्यामागे उभे राहावे, अशी पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिल्या दोन प्रश्नांपाशीच आपण अडखळलो, तर पुन्हा अभ्यासाला बसा.

आज सत्कार झालेल्यांपैकी काही जण उद्या प्राध्यापक होतील. तुमच्यापुढे एखादी उत्तरपत्रिका अशी येईल की तिच्यातील मत वाचून तुमचे रक्त तापेल. लिहिणारा आरक्षणाच्या विरोधात असेल, कदाचित बाबासाहेबांच्याही विरोधात असेल. त्या वेळी पेन खाली ठेवा, दोन श्वास घ्या, निकषांचा कागद समोर ठेवा आणि मग गुण द्या. त्याने आधार दिला असेल तेवढे गुण त्याचे आहेत. दिला नसेल तर कारण लिहून कमी करा. आपल्या पूर्वजांना ज्या तराजूने न्याय नाकारला, तो तराजू आपल्या हातात आल्यावर सरळ धरणे, ही सम्यक आजीविका आहे.

सर्व सत्कारमूर्तींना मंगल कामना देऊन मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!