वास्तव्य आणि अधिवास

परक्या देशात किती वर्षे राहिले म्हणजे तो देश आपला होतो? दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ साली हा प्रश्न एका वृद्ध परदेशीयाच्या रूपाने उभा राहिला.

लुई डी रेड्ट हे बेल्जियन मिशनरी १९३७ साली भारतात आले, ते येथेच राहिले. १९८७ साली सरकारने त्यांच्या वास्तव्याची मुदत वाढविण्यास नकार दिला आणि देश सोडण्यास फर्माविले. त्यांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाचा आधार घेतला. घटना अमलात येण्यापूर्वी निदान ५ वर्षे येथे राहिलेल्यास तो अनुच्छेद नागरिक मानतो. त्यांची तर १२ वर्षे झाली होती.

तरीही ते हरले. कारण त्या अनुच्छेदात वर्षांच्या आधी ‘अधिवास’ हा शब्द येतो. अधिवासाला नुसते देहाचे राहणे पुरत नाही. हेच आपले कायमचे घर, असा मनाचा निश्चयही लागतो. डी रेड्ट बेल्जियमच्या पारपत्रावर राहत आणि ठरावीक मुदतीचे परवाने मागून घेत. त्यामुळे निश्चयाचा पुरावा न्यायालयाला आढळला नाही. निवाडा कायद्याला धरून आहे; पण परवान्याचा अर्ज माणूस कचेरीसाठी लिहितो, आपले अंतःकरण उघडे करण्यासाठी नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या नेमके उलट उदाहरण आज दिल्लीच्या परिसरात सहज संभवते. समजा, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले एक मराठी दांपत्य निवृत्तीनंतर नोएडात येऊन राहिले आहे. त्यांच्यापाशी ‘ओसीआय’ कार्ड आहे. हे दुसरे नागरिकत्वच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. त्या कार्डावर मत देता येत नाही, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्याला मान्यच नाही. पुन्हा भारतीय व्हायचे, तर कार्डधारक म्हणून ५ वर्षे पुरी व्हावी लागतात, अर्जापूर्वी १२ महिने येथे वास्तव्य लागते आणि अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागते. सामान्य परदेशीयाची वाट याहून लांब : त्या १२ महिन्यांच्या आधीच्या १४ वर्षांत त्याची येथे एकूण ११ वर्षे भरली पाहिजेत.

या दांपत्यापाशी निश्चयाची वाणवा नाही. पण लेकीच्या बाळंतपणासाठी आई तीन महिने न्यू जर्सीला गेली, की हिशेब मोडतो. २०१५ च्या दुरुस्तीनुसार विशेष परिस्थितीत सरकार सूट देऊ शकते, परंतु ती सगळे खंड मिळून ३० दिवसांचीच. परतल्यावर आजीबाईंनी बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.