साक्ष घरापासून



आपली श्रद्धा इतरांना सांगणे, म्हणजे साक्ष देणे, हे ख्रिस्ती माणूस कर्तव्य मानतो. पण तो विषय काढला की आपल्याकडे धर्मांतराचा वाद निघतो आणि आवाज चढतात. त्या वादात मी आज शिरत नाही. सांगणाऱ्याने कसे वागावे एवढेच पाहू. त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा रंगल्या, कवितेवरही बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. पुढे टिळक अडकले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

व्याख्याने देणारे बहुधा इथेच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याने धर्म सोडला, संसार मोडला. त्या आपल्या पोराला घेऊन आप्तांकडे, काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे टिळकांजवळ आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळक रागीट आणि विसरभोळे. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळकांच्या तऱ्हांवर हसू येते. पण बायकोने आपल्या मागून यावे म्हणून त्यांनी सक्ती केली नाही. आधी लक्ष्मीबाईंच्या मनातली जात गळाली, ती त्यांच्याच विचाराने. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे मधे पाच वर्षे गेली. उपदेशाला तास पुरतो. एका घरात राहून एवढा काळ थांबणे ही साधी गोष्ट नाही.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून अवघड आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे बालविधवा शिकत आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची हमी होती. रमाबाई आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि त्यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. तरी पालकांच्या भीतीला नुसता कर्मठपणा म्हणून उडवून लावता येत नाही. ज्या मुलीचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण तुमच्या हातात आहे, तिला तुम्हाला 'नाही' म्हणणे किती जड जात असेल! मदत करणाऱ्याने हे स्वतःला रोज विचारावे. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायका आपल्या केडगावच्या आश्रमात आणल्या. त्या कामाची थोरवी कोणीही नाकारू नये. प्रश्न मात्र तिथेही उरतोच.

सांगावे कसे, या प्रश्नातून टिळकांनी आपला मार्ग काढला. १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. येशूची गोष्ट ते कीर्तनातून, अभंगातून सांगत. विलायती पेहरावातला ख्रिस्त त्यांना नको होता, आणि मराठी माणसाला तो परका वाटू नये याची जबाबदारी त्यांनी सांगणाऱ्यावर टाकली.

ख्रिस्ती श्रोत्यांना माझी विनंती एवढीच, की साक्ष देण्याआधी घरच्यांना विचारा, ते काय सांगतात ऐका. बाकीच्यांनी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावे. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.