समुद्रगायीचे बालपण

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)





तंजावर म्हटले की आपल्याला बृहदीश्वराचे मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि भोसले राजे आठवतात. त्या जिल्ह्याला समुद्रकिनाराही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ब्रिटिशांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेला षट्कोनी ‘मनोरा’ याच किनाऱ्यावर, मल्लिपट्टिणमजवळ उभा आहे. त्याच्यासमोरचा समुद्र म्हणजे पाल्कचा उपसागर. या उथळ पाण्यात समुद्रगवताची कुरणे आहेत आणि त्या कुरणांवर चरणारा एक लाजाळू सस्तन प्राणी आहे. त्याला इंग्रजीत ड्युगाँग म्हणतात, तमिळमध्ये ‘कडल पसु’, म्हणजेच आपली समुद्रगाय. तिच्या पिल्लाच्या बालपणाविषयी मी आज बोलणार आहे.

बर्फावर पहुडलेले सीलचे पांढरेशुभ्र पिल्लू आपण चित्रांत पाहिले असेल. उत्तर अटलांटिकमधील हार्प सीलची मादी आपल्या पिल्लाला जेमतेम १२ दिवस दूध पाजते. त्या दुधात जवळजवळ निम्मी चरबी असते. जन्मतः सुमारे ११ किलोचे पिल्लू तेवढ्या अवधीत तिपटीने भरते आणि मग आई त्याला सोडून निघून जाते. हूडेड सीलचे पिल्लू तर चारच दिवसांत दूध सोडते. पायाखालचा बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नसल्याने तेथे घाई करावीच लागते.

समुद्रगायीच्या घरात अशी घाई नाही. सुमारे १३ ते १५ महिन्यांच्या गर्भारपणानंतर तिला एकच पिल्लू होते. ते जेमतेम मीटरभर लांबीचे असते आणि त्याचे वजन २० ते ३५ किलोंच्या दरम्यान भरते. आईचे स्तन हत्तिणीप्रमाणे पुढच्या अवयवांच्या बगलेत असतात. हत्ती हा तिचा दूरचा नातलगच आहे. जन्मानंतर काही आठवड्यांतच पिल्लू गवत कुरतडू लागते, तरीही सुमारे दीड वर्ष आईचे दूध पिते. या काळात ते तिच्या पाठीलगत पोहते, तिच्याबरोबर श्वासासाठी वर येते आणि तिच्याबरोबर खाली जाते. आई चरते तेथे चरते.

पुढची वाढही अशीच संथ आहे. मादी वयात येण्यास पुष्कळदा १० किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. त्यानंतर दोन पिल्लांमध्ये साधारणतः ३ ते ७ वर्षांचे अंतर पडते. आयुष्य मात्र ७० वर्षांपर्यंतचे असू शकते. म्हणजे ज्या वर्षी आपल्या शाळेची पहिली घंटा वाजली, त्या वर्षी जन्मलेली एखादी समुद्रगाय आजही पाल्कच्या उपसागरात चरत असेल. या ६० वर्षांत शाळेतून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या बाहेर पडल्या! तिची पिल्ले मात्र बहुधा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील.

या हिशेबातच खरे संकट दडलेले आहे. समुद्रगायीला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावे लागते. ती जाळ्यात अडकली तर बुडून मरते आणि तिच्याबरोबर दूधपिते पिल्लूही बहुधा दगावते. सर्व परिस्थिती अनुकूल असली तरी त्यांची संख्या वर्षाला ५ टक्क्यांहून फारशी अधिक वाढू शकत नाही. भारतात आज जेमतेम २४० समुद्रगायी उरल्या असाव्यात, असा तमिळनाडू शासनाचा अंदाज आहे. तिची अतिप्रचंड बहीण, उत्तर पॅसिफिकमधील स्टेलरची समुद्रगाय, १७४१ मध्ये शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली आणि शिकारीमुळे १७६८ पर्यंत नामशेषही झाली. तिला अवघी २७ वर्षे पुरली.

सुदैवाने आपल्याकडे पावले पडत आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र देशातील पहिले समुद्रगाय संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. परंतु अधिसूचना काही रात्री समुद्रावर नसते. तेथे मच्छीमार असतो. या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी अडकलेल्या समुद्रगायींना जाळे कापून सोडून दिल्याची उदाहरणे आहेत. वनखात्याने त्यांचा सत्कार केला, बक्षिसेही दिली. तरीही जाळे म्हणजे त्या घराची भाकरी. ती कापणाऱ्या हाताचे मोल बक्षिसाहून मोठे आहे, आणि त्याचे नुकसान सर्वांनी मिळून भरून देणे हे आपले कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, जे सावकाश वाढते ते गमावल्यास लवकर परत मिळत नाही. समुद्रगायीचे पिल्लू तसे आहे, समुद्रगवताचे कुरण तसे आहे आणि आपली शाळाही तशीच आहे. तंजावरला गेलात तर मंदिर आणि ग्रंथालय अवश्य पाहा. पण मनोऱ्यापर्यंतही जा. समुद्रगाय दिसेलच असे नाही. तेथील मच्छीमारांशी मात्र जरूर बोला.

शाळेच्या शतकमहोत्सवी वर्षीही त्या पाण्यात एखादी आई आपल्या पिल्लासह चरत असो, ही सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.