गाणे ऐकायचे की पाहायचे?

(कोल्हापूर येथे संगीताचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेचा निकाल जाहीर झाला की सभागृहाच्या पायऱ्यांवर एक कुजबुज हमखास कानी पडते. ‘गाणं तिचं सरस होतं, पण ही स्टेजवर शोभून दिसते,’ असे एक जण म्हणतो. ‘उद्या कार्यक्रम कुणाला मिळतील, हेही परीक्षक पाहतातच,’ असे दुसरा सांगतो. बोलणारे बोलून घरी जातात. परंतु जिने सहा-सात वर्षे पहाटे उठून खर्जाची साधना केली, ती मुलगी हे वाक्य मनात घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी ती तंबोऱ्यासमोर बसते की आरशासमोर, यावर तिच्या गाण्याचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून या कुजबुजीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा.

या प्रश्नाचा विचार करण्यास कोल्हापूरइतके योग्य ठिकाण नाही. 1883 साली येथे गायन समाज देवल क्लबची स्थापना झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँ येथे राहिले आणि जयपूर घराण्याची गायकी या मातीत रुजली. तरुणपणी अतिश्रमाने खाँसाहेबांचा आवाज बिघडला होता. पूर्वीची मोहकता परत येणार नाही हे ओळखून त्यांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी, बुद्धीला आव्हान देणारी पेचदार गायकी घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या त्याच गायकीतून उभ्या राहिल्या. त्या काळी कुणी केवळ ‘खपणारा आवाज’ शोधत बसला असता, तर हे घराणे जन्मालाच आले नसते.

याच जिल्ह्यातील कुरुंदवाडला 1872 साली विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट बिकट झाल्याने ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. त्याच पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आज गावोगावची मुले प्रवेशिका, विशारद, अलंकार अशा परीक्षा देतात, त्या परंपरेच्या मुळाशी दृष्टी गमावलेला एक मुलगा आहे. गुरूने त्या मुलाचा चेहरा न पाहता गळा पाहिला, हे कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये.

येथे कुणी विचारील, की मग जुन्या काळी रूप पाहिले जातच नव्हते काय? पाहिले जात होते, आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. स्त्रीच्या गाण्याला जाणारा माणूस ऐकायला जातो की पाहायला, असा संशय समाजाच्या मनात असे. हा संशय पुसण्याचे फार मोठे श्रेय मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांना जाते. साधी, सात्त्विक राहणी, शांत बैठक आणि हावभावांचा पूर्ण अभाव अशा रीतीने त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. स्त्रीचे गाणे हे प्रथम गाणे आहे, हे त्यांनी श्रोत्यांच्या गळी उतरवले. आजच्या स्पर्धेत रूपाला गुण मिळत असतील, तर हिराबाईंनी मोठ्या कष्टाने पुढे नेलेले पाऊल मागे घेतल्यासारखेच होईल.

संगीत नाटकाची गोष्ट मात्र निराळी. बालगंधर्वांच्या कानाच्या दुखण्यावर शाहू महाराजांनी मिरजेत उपचार करविले, आणि 1905 मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्यांचे रूप, चालणे, नेसणे हे सारे भूमिकेचेच अंग होते. नटाला रूप लागते, कारण त्याला दुसऱ्या कुणाचे तरी होऊन उभे राहायचे असते. ख्याल गाणाऱ्याला कुणाची भूमिका करायची नसते. त्याला राग उभा करायचा असतो, आणि रागाला चेहरा नसतो. नाटकाचा निकष ख्यालाच्या स्पर्धेला लावला की तेथूनच गल्लत सुरू होते.

तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गाणाऱ्याकडे पाहूच नये, असे आपले शास्त्र सांगत नाही. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणे, भेसूर तोंड उघडणे, मान वाकडी करणे, अंग ताणणे, डोळे मिटून गाणे हेही त्यांत आहेत. म्हणजे बैठक आणि मुद्रा यांना परंपरेत स्थान आहे. परंतु हे सारे दोष सवयीचे आहेत, जन्माचे नाहीत. ते रियाजाने जातात. रंग, उंची, नाकडोळे यांचा त्या यादीशी संबंध नाही. परीक्षकाने मुद्रेचा दोष जरूर दाखवावा, पण रूपाचा गुण देऊ नये. ही सीमारेषा स्पष्ट असली की अर्धा वाद मिटतो.

अडचण अशी, की ही रेषा परीक्षकाच्या मनात नकळत पुसली जाते. 2013 साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या खऱ्या स्पर्धांतील तीन-तीन अंतिम स्पर्धक घेऊन विजेता कोण, हे लोकांना ओळखायला सांगितले होते. काहींना केवळ ध्वनी ऐकवला, काहींना आवाज बंद केलेली चित्रफीत दाखवली. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक ओळखण्याची शक्यता 33 टक्के असते. मूक चित्रफीत पाहणाऱ्यांनी सुमारे निम्म्या वेळा विजेता बरोबर ओळखला. केवळ ध्वनी ऐकणाऱ्यांना तेवढेही जमले नाही, आणि त्यांत व्यावसायिक संगीतज्ञही होते. त्यांपैकी बहुतेकांची तर ध्वनीलाच सर्वाधिक महत्त्व असते अशी ठाम श्रद्धा होती.

या अभ्यासाचा अर्थ ताणू नये. अंतिम फेरीतले तिघेही तोलामोलाचे असतात. जेथे गुणवत्तेत मोठे अंतर असते, तेथे कान सहसा फसत नाही, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. शिवाय चित्रफितीतून केवळ रूप दिसत नाही, तल्लीनताही दिसते. तरीही एक बोध पक्का आहे. जेथे दोन गळे तुल्यबळ असतात, तेथे परीक्षकाच्या नकळत डोळा कौल देऊन जातो. प्रामाणिक परीक्षकही त्याला अपवाद नाही. म्हणून हा प्रश्न कुणाच्या सचोटीवर शंका घेण्याचा नसून पद्धत सुधारण्याचा आहे.

बाजाराची गोष्ट याहून उघड आहे. 1995 साली ‘सा रे ग म’ दूरचित्रवाणीवर सुरू झाले, तेव्हा निकाल परीक्षकांच्या हाती होता. पुढच्या दशकात प्रेक्षकांचे मोबाइल संदेश आले, आणि निकालात लोकप्रियतेला अधिकृत स्थान मिळाले. झी मराठीच्या अशाच स्पर्धेत कोल्हापूरचा अभिजित कोसंबी विजेता ठरला, तेव्हा सारे शहर आनंदले. तो आनंद रास्तच होता. 2009 मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ची विजेती कार्तिकी गायकवाड ठरली, पण अंतिम फेरीतील इतर चौघेही घराघरांत पोहोचले. या कार्यक्रमांनी मराठी गाणे दिवाणखान्यात आणले, हे ऋण मानलेच पाहिजे. मात्र वाहिनीला जाहिरातदार लागतो आणि जाहिरातदाराला पडद्यावर खिळून राहणारे डोळे लागतात. तेथे दिसणे हा व्यवहाराचा भाग आहे. तो तेथेच राहावा. एखाद्या गावातील संगीत मंडळाची ख्यालगायन स्पर्धा काहीही विकत नाही. मग तिने विक्रेत्याचा तराजू का वापरावा?

उपाय आपल्याच घरात आहेत. आकाशवाणीने 1950च्या दशकापासून कलावंतांच्या श्रेणी ठरवण्यासाठी ध्वनिचाचणीची पद्धत रुजवली. त्या पद्धतीबद्दल कलावंतांच्या तक्रारी झाल्या, तरी तिच्यातले एक तत्त्व मोलाचे आहे: वरिष्ठ मंडळापुढे ध्वनिमुद्रण जाते, चेहरा जात नाही. पाश्चात्त्य देशांतील अनेक वाद्यवृंदांनीही 1970च्या सुमारास उमेदवाराला पडद्याआड बसवून वाजवायला लावण्याची प्रथा सुरू केली. आपल्या स्पर्धांना हे अवघड नाही. पहिली फेरी नाव काढून टाकलेल्या ध्वनिमुद्रणावर घ्यावी. स्वर, लय, रागशुद्धता, बंदिशीची मांडणी आणि विस्तार यांचे गुण वेगवेगळे लिहावेत. ‘एकंदर प्रभाव’ नावाचा मोघम रकाना ठेवू नये. स्वतःचा शिष्य गात असेल तेव्हा परीक्षकाने गुण देऊ नयेत. आणि प्रत्येक स्पर्धकाच्या हाती दोन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा. हरलेल्या मुलीला आपण कोठे कमी पडलो हे कळले, तर ती आरशाला दोष देणार नाही, रियाजाला लागेल.

पालकांचेही कर्तव्य आहे. मुलीने नीटनेटके नेसावे, ताठ बसावे, श्रोत्यांना आदराने नमस्कार करावा, हा संस्कार आहे. परंतु स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिच्या सावळ्या रंगाची चर्चा घरात होऊ नये. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरील उपचारांनंतर भारदस्त, पुरुषी वाटावा असा झाला. रूढ मोजमापाने तो स्त्रीचा गोड आवाज नव्हता. तरीही त्याच आवाजाने किराणा घराण्याला वैभव दिले आणि 2002 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

1977 साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत जगभरच्या संगीताबरोबर केसरबाईंची भैरवी आहे. त्या तबकडीत चित्रेही पुष्कळ आहेत, पण केसरबाईंचे नाही. सूर्यमालेच्या पलीकडे कधी कुणी ती ऐकलीच, तर त्याला ही बाई दिसायला कशी होती हे कळणार नाही. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मात्र कळेल. परीक्षकांनी गुणपत्रिका हाती घेताना, आणि आईवडिलांनी मुलीला व्यासपीठावर पाठवताना, एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे आहे.